बादल ठीक आहे

कलबुर्गी,
३ एप्रिल २०२४

चिरंजीव रणधीर यास,
हनीफ चाचाकडून लाख दुवा.

इथं येऊन आज बारावा दिवस. खुब्याचं ऑपरेशन झालं. आत पट्टी आणि चार स्क्रू बसवलेत म्हणे. डॉक्टर म्हणतात, जनावरांच्या पट्ट्या बांधण्यात आयुष्य काढलंत, आता जरा स्वतः गप पडून राहा. चार महिने परंड्याचं नाव काढायचं न्हाई असा फलकचा हुकूम आहे. लेक आहे, ऐकावं लागतं.

तू दोनदा फोन केलास असं ती म्हणाली. पण माझ्या कानाचं तुला ठाऊक आहे. फोनवर मला नुसती खरखर येते. तिच्या मोबाइलवर मेसेजही टाकू नकोस. बादलचं नाव दिसलं की ती चिडते. म्हणते, "अब्बा, एका कुत्र्यापायी तुम्ही तिकडं एकटे राहिलात आणि न्हाणीत पडलात." लहानपणापासून ती कुत्र्याला भिते. आमच्यात कुत्रं घरात घेत न्हाईत हेही आहेच. बादल आठ वर्षं माझ्या दारात राहिला, पण उंबरा त्यानं कधी ओलांडला न्हाई. तेव्हा तू पत्रच लिहीत जा. तुझे वडील उत्तरेश्वरराव आणि मी नोकरीत दूर दूर होतो तेव्हा पत्रंच लिहायचो. तुझं अक्षर त्यांच्यापेक्षा चांगलं आहे.

आता कामाचं. ऊन वाढलंय. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत न्हाई. जीभ आणि पंजे, एवढ्यावर त्याचा सगळा कारभार. फिरायला सकाळी सहाच्या आत ने, किल्ल्याच्या खंदकाकडनं. डांबरी रस्त्यावर न्ह्यायचं झालं तर आधी आपला उलटा तळवा रस्त्याला टेकवून दहा आकडे मोज. आपल्याला सोसलं न्हाई तर त्याला न्ह्यायचं न्हाई. पाणी दोन ठिकाणी ठेव, जड मातीच्या कुंडीत. जर्मनचं हलकं पातेलं तो पायानं उलथवतो. केस काढू नकोस, ते त्याला उन्हापासनं वाचवतात.

मुन्नीची काळजी न्हाई. मांजर स्वतःची सावली स्वतः शोधतं. फक्त गाडी सुरू करायच्या आधी खाली वाकून बघत जा.

सूनबाईला, शिवकांताला सांग, एका म्हाताऱ्याचा संसार तिनं दारात घेतला, अल्ला तिला बरकत देवो.

तुझा,
हनीफ चाचा


परंडा,
१४ एप्रिल २०२४

तीर्थरूप हनीफ चाचा यांस,
रणधीरचा सलाम.

पत्र मिळालं. खुबा सांभाळा. इकडची अजिबात काळजी करू नका. बादल आमच्या दारच्या लिंबाखाली राजासारखा पडून असतो. पहिले दोन दिवस त्यानं तुमच्या बंद घराकडं ओढ घेतली, आता रमला. शिवकांताच्या मागं मागं नळापर्यंत जातो. मुन्नीनं तर धान्याच्या कणगीवर कायमची जागा धरली आहे.

एक गंमत सांगतो. तुमचं पत्र समोर ठेवून मी आमच्या वाडीच्या शाळेत मोठ्या फळ्यावर लिहिलं, "उन्हाळा आणि आपली मुकी जनावरं". तळवा टेकवून बघायचं, कुंडी, सकाळचं फिरणं, सगळं. खाली रंगीत खडूनं कुत्र्याचं आणि मांजराचं चित्र काढलं. पालकांनी फोटो काढून स्टेटसला ठेवले. केंद्रप्रमुख आले होते, तेही म्हणाले की गुरुजी, असं पाहिजे. सुट्टी लागली तरी फळा पुसू नका म्हणाले. श्रेय तुमचं आहे, पण कौतुक मी खाल्लं.

सात मेला मतदान, मला ड्यूटी लागली आहे. त्यानंतर सोळा तारखेला मेहुणीचं, निकिताचं लग्न. तेवढी गडबड संपली की निवांत लिहीन.

तुमचा,
रणधीर


कलबुर्गी,
१२ मे २०२४

चि. रणधीर,
दुवा.

इथं पारा त्रेचाळीसवर गेला. तिकडंही तेच असणार. खाटेवर पडून माझं सगळं लक्ष तुझ्या दारात आहे. लग्नघर म्हटलं की पाहुणे आले, पाहुण्यांची लेकरं आली. लोक कुत्र्याला भितात, मग यजमान त्याला कुठंतरी आडबाजूला बांधतो. नोकरीत मी हे दर मे महिन्यात बघितलंय. म्हणून आधीच लिहितो, राग मानू नकोस. गच्चीवर बांधू नकोस. पत्र्याच्या खोलीत कोंडू नकोस. सकाळी सावली असते तिथं अकराला ऊन येतं, आणि साखळीतलं जनावर सावलीच्या मागं जाऊ शकत न्हाई. अडचण असली तर शेजारच्या शांतलिंगच्या वाड्याबाहेर पिंपळाखाली बांध, त्याला माझं नाव सांग.

आणि धाप लागली, तोंडातनं चिकट लाळ गळायला लागली, हिरड्या लालभडक झाल्या, चालताना झोकांड्या जायला लागला, तर समज की ऊन लागलं. लगेच सावलीत घे. पोटावर, जांघेत, पंजांवर साधं पाणी ओत, पंख्याखाली धर. बर्फ घालू नकोस. थोडं थोडं पाणी पाज, तोंडात जबरदस्तीनं ओतू नकोस, आणि तसाच दवाखान्यात ने. उठून उभा राहिला तरी ने. वरनं बरा दिसतो पण आत इजा झालेली असते.

पत्र पोचल्याची चार ओळींनी खबर दे.

तुझा,
हनीफ चाचा


परंडा,
२७ मे २०२४

ती. हनीफ चाचा यांस,
सलाम.

तुमचं पत्र मिळालं. लग्न चांगलं पार पडलं. उशिरा लिहितोय, माफ करा.

बादल ठीक आहे. उन्हानं थोडा मंदावला आहे इतकंच. मुन्नी चांगली आहे.

तुमच्या तब्येतीला जपा. शिवकांता सलाम सांगते.

रणधीर


कलबुर्गी,
१३ जून २०२४

चि. रणधीर,
दुवा.

चार ओळी मागितल्या तर तू मोजून चारच लिहिल्यास! पण जीव भांड्यात पडला. फलकलाही वाचून दाखवलं. तिनं नुसती मान हलवली. तीन महिन्यांपूर्वी तिनं तेही केलं नसतं.

मी आता वॉकर घेऊन फाटकापर्यंत जातो. जावई मुजफ्फर चांगला माणूस आहे. कामावरनं आला की मला धरून अंगणात चार फेऱ्या मारवतो.

पाऊस सुरू झाला की गोचीड येणार. बादलच्या पंजांच्या बोटांमधी, कानाच्या आत, गळपट्ट्याखाली रोज हात फिरव. दिसला तर चिमट्यानं कातडीला लागून धर आणि सरळ ओढ. रॉकेल लावू नकोस. गोचिडाचं औषध दवाखान्यातनं वजन सांगून आण. आणि हे नीट ध्यानात ठेव: कुत्र्याचं किंवा गुरांचं गोचिडाचं औषध मुन्नीला कधी लावायचं न्हाई. मांजर अंग चाटतं, आणि त्यातली काही औषधं मांजराचा जीव घेतात. माझ्या डोळ्यांदेखत गेलेली आहेत. कुत्र्याला लावलं तरी वाळेपर्यंत मांजर त्याच्याजवळ झोपू देऊ नकोस. ही दोघं पावसात एकाच पोत्यावर झोपतात.

साचलेलं पाणी पिऊ देऊ नकोस, उंदरांच्या मुतानं रोग होतो. भिजून आला की कान कोरडे कर. बादलची पिसाळीची लस जुलैच्या पहिल्या आठवड्यात आहे, कार्ड माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात.

एक मागणं आहे. त्याचा एक फोटो कागदावर काढून पाठव. खाटेच्या बाजूला लावीन म्हणतो.

हनीफ चाचा


परंडा,
४ जुलै २०२४

ती. हनीफ चाचा यांस,
सलाम.

सोबत फोटो पाठवत आहे. लस झाली. गोचिडांचं तुम्ही सांगितलं तसंच करतो.

बादल ठीक आहे.

रणधीर


कलबुर्गी,
१७ जुलै २०२४

चि. रणधीर,
लाख लाख दुवा.

फोटो मिळाला. सकाळपासनं पाच वेळा बघितला. फोटो जुना दिसतोय रे, मागं लिंबाला मोहर आहे. हरकत न्हाई. पावसापाण्यात तो कुठला एका जागी उभा राहतोय!

आता खरी बातमी. मला इथंच राहायचं ठरलं. डॉक्टर म्हणाले, या वयात एकट्यानं राहणं बरं न्हाई. मी म्हणालो, मग बादलचं काय? तिसऱ्या दिवशी फलकनं गवंडी बोलावला. अंगणाच्या कोपऱ्यात, चिंचेखाली, चार फुटांचा ओटा बांधला. त्यावर गवताचं छप्पर घातलं. तुला लिहिलेली पत्रं मी तिला वाचून दाखवायचो ना, त्यातनंच तिला कळलं होतं की पत्रा तापतो. ओट्याला उतार दिला, म्हणजे पाणी साचणार न्हाई. काल मला म्हणाली, "अब्बा, मी त्याला हात लावणार नाही. पण भाकरी टाकीन." रणधीर, सांगायला लाज न्हाई, मी तोंड फिरवून रडलो.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मुजफ्फर गाडी घेऊन येईल. बादल आणि मुन्नी दोघांना आणील. प्रवासाच्या दिवशी सकाळी दोघांना खायला देऊ नकोस, वांती होते. मुन्नीला झाकणाच्या टोपलीत घाल.

तू माझ्यावर जे उपकार केलेस ते पोटच्या पोरानं केले नसते.

हनीफ चाचा


परंडा,
२७ जुलै २०२४

ती. हनीफ चाचा,

गाडी पाठवू नका. म्हणजे बादलसाठी पाठवू नका.

बादल गेला. एकोणीस मेला गेला. त्यानंतर मी तुम्हाला दोन पत्रं लिहिली, ती दोन्ही खोटी आहेत. लस खोटी, गोचीड खोटे, फोटो एप्रिलमधला. तुम्ही मोहर ओळखलात आणि तरी माझ्यावर संशय घेतला नाही. ते वाक्य वाचल्यापासून मला जेवण जात नाही.

काय झालं ते सगळं लिहितो. काही वगळत नाही.

लग्न झाल्यावर सासरची मंडळी आमच्याकडं आली. पोरं बादलला बघून ओरडत होती. शुक्रवारी संध्याकाळी मी त्याला गच्चीवर नेलं आणि पिलरच्या बाहेर आलेल्या सळयांना साखळी बांधली. शिवकांता म्हणाली होती, "खालीच राहू द्या, मी पोरांना सांगते." मी म्हणालो, दोन दिवसांचा प्रश्न आहे. शनिवारी तिनं चार वेळा वर पाणी नेलं आणि दुपारभर त्याला जिन्याखाली आणून बांधलं. पाहुणे नाकं मुरडत होते म्हणून चारला मीच त्याला परत वर नेलं.

शनिवारीच तुमचं पत्र आलं. मी ते न फोडता शर्टाच्या खिशात घातलं. वाटलं, चाचांच्या नेहमीच्या सूचना असतील, सवडीनं वाचू.

रविवारी पहाटे नव्या जोडप्याला घेऊन आम्ही सगळे तुळजापूरला गेलो. निघताना मी वर जाऊन जर्मनच्या पातेल्यात पाणी ठेवलं. हो, जर्मनच्याच. टाकीची सावली होती. एकपर्यंत परत येऊ असा हिशोब होता. दर्शनाची रांग हलेना. मग जेवणं झाली. मग सासूबाईंना बांगड्या घ्यायच्या होत्या.

चाचा, मला बारा वाजता आठवलं होतं. तुम्हाला हेच सांगायचं आहे. मी विसरलो नव्हतो. मी मंदिराबाहेर दुकानाच्या कापडी छताखाली उभा होतो, पायाखालची फरशी चपलेतून भाजत होती, आणि मला बादल आठवला. फोन हातात होता. शांतलिंग भाऊंना एक फोन केला असता तर ते दोन मिनिटांत जिना चढले असते. आमचा जिना बाहेरून आहे. मी त्यांचा नंबर काढलासुद्धा. मग मनात आलं, काय सांगू? फळ्यावर लिहिणाऱ्या गुरुजींनी कुत्रं गच्चीवर बांधलंय? ते हसतील, चारजणांना सांगतील. मी फोन खिशात ठेवला. म्हणालो, काही होत नाही.

साडेपाचला घरी आलो. साखळी सळयांभोवती गुंडाळून हातभर उरली होती. पातेलं उपडं, लांब पडलेलं. पंजांची कातडी सोललेली होती. अंग गरम होतं, ते त्याचं होतं की उन्हाचं हे मला कळलं नाही. तुम्ही लिहिलेलं सगळं मी केलं नसतं असं नाही, पण काही करायला उरलंच नव्हतं.

पाहुण्यांना सांगितलं, साप चावला. शांतलिंग भाऊंनाही तेच सांगितलं. पोत्यात घालून शेतात नेला आणि बाबांनी लावलेल्या आंब्याजवळ पुरला. सोमवारी शर्ट धुवायला टाकताना तुमचं पत्र निघालं. "गच्चीवर बांधू नकोस." मी ते उभ्यानंच वाचलं. शिवकांतानं माझ्या हातातून घेऊन वाचलं आणि म्हणाली, "आजच लिहा त्यांना." मी म्हणालो, ते आजारी आहेत, धक्का बसेल. ती म्हणाली, "धक्क्याचं कारण सांगू नका. तुम्हाला तोंड दाखवायचं नाही." तेव्हापासून ती या विषयावर बोललेली नाही.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा फळा तसाच होता. माझं अक्षर, माझं रंगीत कुत्रं. पोरं म्हणाली, गुरुजी, पुसू नका, छान आहे. मी ओल्या फडक्यानं पुसला.

तुम्ही ओटा बांधल्याचं लिहिलं नसतं तर मी आणखी किती महिने "ठीक आहे" लिहिलं असतं, मला माहीत नाही. पत्रात खोटं बोलताना समोर कुणाचे डोळे नसतात. फलकताईंना काय सांगाल तुम्ही?

क्षमा मागायची माझी लायकी नाही, म्हणून मागत नाही.

रणधीर


परंडा,
२० ऑगस्ट २०२४

ती. हनीफ चाचा यांस,
सलाम.

बारा तारखेला मुजफ्फर भाऊजी आले होते. मी दारात गेलो. मला वाटलं, तुमचं पत्र असेल. ते म्हणाले, "अब्बांनी मांजर आणायला सांगितलंय." एवढंच. टोपली त्यांनी बरोबर आणली होती. शिवकांतानं चहा टाकला, तो त्यांनी घेतला. मुन्नी कणगीमागं लपली. अर्धा तास काही केल्या येईना. शेवटी मी हात घातला तर तिनं मनगटावर ओरबाडलं. भाऊजींनी ते बघितलं आणि टोपलीचं झाकण लावलं.

जाताना मी विचारलं, चाचा कसे आहेत? ते म्हणाले, "तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून फाटकापर्यंत जात नाहीत."

मुन्नीला नेलंत ते बरोबर केलंत. मीही माझ्या भरवशावर ठेवली नसती. तुम्ही उत्तर लिहावं असं मी म्हणत नाही. मी लिहिलेलं पोचलं, इतकं मला कळलं.

रणधीर


कलबुर्गी,
२४ सप्टेंबर २०२४

रणधीर,

दोन महिने पेन हातात घेतलं न्हाई. मुन्नीला नेलं ते रागानं नेलं. उगीच दुसरं कारण सांगत न्हाई. फलकला मी खरं सांगितलं. ती ओट्यावर जाऊन बसली आणि बराच वेळ तिथंच होती. ज्या कुत्र्याला ती कधी हात लावणार नव्हती त्याच्यासाठी.

तुझ्यावर मला लई संताप आला. ऊन लागलं म्हणून न्हाई. बारा वाजता फोन खिशात ठेवलास म्हणून. ती ओळ मी इतक्यांदा वाचली की कागद घडीवर फाटला. आणि वाचता वाचता मला कळलं की मला राग कुणाचा येतोय.

हे मी तुझ्या वडिलांनाही कधी सांगितलं न्हाई.

मी तरणा होतो, सीमेकडच्या एका गावात, जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून. गावाचं नाव लिहीत न्हाई. एका मे महिन्यात तीन दिवस लाइट नव्हती. दवाखान्याचा फ्रिज बंद पडला. आतल्या पिसाळीच्या लसी कोमट झाल्या. मी हात लावून बघितलं. चौथ्या दिवशी लसीकरण ठरलेलं. डॉक्टर रजेवर. सकाळी चाळीसेक माणसं कुत्री घेऊन पारावर येऊन बसली. मला ठाऊक होतं की कोमट झालेली लस म्हणजे नुसतं पाणी. "आज न्हाई, लस खराब झाली" एवढंच म्हणायचं होतं. पण मला वाटलं, लोक म्हणतील, या पोराला एक फ्रिज सांभाळता आला न्हाई. साहेबाच्या कानावर जाईल. मी सगळ्यांना टोचली. सगळ्यांनी मला चहा पाजला.

शरणबसप्पा म्हणून एक किराणा दुकानदार होता. त्याचं कुत्रं पावसाळ्यात पिसाळलं आणि त्याच्या बोटाला चावलं. बायको म्हणाली, इंजेक्शनं घेऊन या. तो म्हणाला, "हनीफनं लस दिलीय की, आपलं कुत्रं पक्कं आहे." त्यानं जखमेला हळद लावली. पुढं काय झालं ते तुला समजलं असेल. पाण्याचा तांब्या बघून तो कसा व्हायचा ते मी खिडकीतनं बघितलंय.

लस खराब होती म्हणूनच तसं झालं का, ते मला कधी कळणार न्हाई. पण कुत्रं चावल्याचं मला दुसऱ्या दिवशी कळलं होतं. तेव्हा जरी तोंड उघडलं असतं, तरी वेळ होती. मी म्हणालो, काही होत न्हाई. तेच शब्द, रणधीर. तुझ्या पत्रात तू तेच लिहिलेत.

त्याची बायको पुढं कैक वर्षं मला हुरड्याची कणसं पाठवायची. मी ती घेत होतो.

लोक म्हणतात, हनीफ जनावरांच्या बाबतीत लई बारीक. उन्हाळा आला, पावसाळा आला की हा कुणालाही थांबवून सांगत बसतो. का सांगतो ते आता तुला कळलं. पण चाळीस वर्षं सगळ्यांना सगळं सांगून मी ती एक गोष्ट सोडून दिली. तेवढी सांगितली असती तर बाकीची सांगायला नको होती.

शरणबसप्पाचा मुलगा आता दुकान बघतो. त्याला मी पत्र लिहिलंय. हे तुझं आणि ते त्याचं, दोन्ही उद्या मुजफ्फर पेटीत टाकील. तो काय करील ते करील.

तुला माफ केलं असं मी लिहीत न्हाई. उद्या जनावर तुझ्याकडं ठेवीन का? न्हाई ठेवणार. पण तू मला लिहून मोकळा झालास असं समजू नकोस. बंद पाकिटात एका म्हाताऱ्याला सांगणं सोपं आहे. साप चावला असं ज्यांना सांगितलंस, त्यांना सांग. फळा ज्यांनी वाचला, त्यांना सांग.

हनीफ


परंडा,
१६ मार्च २०२५

ती. हनीफ चाचा यांस,
सलाम.

शांतलिंग भाऊंना मी तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात सांगितलं. ते म्हणाले, "मला माहीत होतं रे. साप चावलेल्या कुत्र्याचे पंजे भाजत नाहीत." मी विचारलं, मग बोलला का नाहीत? ते म्हणाले, "तूच सांगशील म्हणून थांबलो." त्यानंतर ते कमी बोलतात.

शाळेत सांगायला मात्र मला सहा महिने लागले. दर महिन्याला ठरवायचो आणि दर महिन्याला कारण सापडायचं. आधी परीक्षा, मग निवडणूक, मग स्नेहसंमेलन. काल शनिवारी पालकसभा होती. सकाळची शाळा सुटल्यावर अकराला पालक आले, ऊन चांगलंच चढलं होतं. पोषण आहार, गणवेश सगळं झालं. मुख्याध्यापक म्हणाले, "गुरुजी, गेल्या वर्षीसारखं उन्हाळ्याचं लिहा की फळ्यावर, लोकांना आवडलं होतं." सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी खडू घेतला आणि परत ठेवला. म्हणालो, "गेल्या वर्षी मी जे लिहिलं, ते मी पाळलं नाही." आणि सांगितलं. गच्ची, साखळी, पातेलं, बारा वाजता खिशात ठेवलेला फोन. तुमचं कुत्रं होतं हेही सांगितलं, नाव घेतलं, ते मी तुम्हाला न विचारता केलं. साप चावला नव्हता हे सांगितलं. एक बाप्या मागून म्हणाला, "गुरुजी, एवढं काय त्यात, कुत्रंच होतं." दुसरे दोघं हसले. मला वाटलं होतं की लोक शिव्या देतील, निदान हळहळतील. हसण्याची तयारी मी केली नव्हती.

तेवढ्यात कमलबाई उठल्या. चौथीतल्या एका मुलीची आजी, मळ्यात राहतात. कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाल्या, "आमचं कुत्रं पत्र्याच्या खोलीत कोंडून आलेय म्या." मुख्याध्यापक म्हणाले, "बसा आजी, सभा संपतेच आहे." त्या म्हणाल्या, "सभा ऱ्हाऊ द्या तुमची." पदर डोक्यावर ओढून त्या उन्हात निघाल्या. खिडकीतून मला दिसत होतं. ढेकळांतून जवळजवळ पळत होत्या, एकदा अडखळल्या.

संध्याकाळी मी त्यांच्या मळ्यात गेलो. कुत्री बैलगाडीखाली ओल्या पोत्यावर पडली होती. गाभण होती, अजून धापत होती, पण मान वर करून तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, दवाखान्यात न्यायला पाहिजे, उठली तरी न्यायची. त्या म्हणाल्या, "दुपारलाच नेऊन आणली. डॉक्टरनं सलाईन लावलं. म्हणला, घंटाभर उशीर झाला असता तर गेलीच होती." मग हातातलं घमेलं खाली ठेवून म्हणाल्या, "गुरुजी, तुमी नुसतं फळ्यावर लिवलं असतं तर म्या बसून ऱ्हायले असते. लिवलेलं म्या कवा वाचतेय."

घरी येऊन शिवकांताला सांगितलं. दहा महिन्यांनी ती माझ्यासमोर बसून त्याच्याविषयी बोलली. भाकरीचा तुकडा तो आधी मुन्नीपुढं सरकवायचा, असं सांगत होती. मी हे कधी बघितलं नव्हतं.

चाचा, काल त्या मळ्यातून परत येताना मला थोडं बरं वाटलं. वाटेत पुलाजवळ हे माझ्या लक्षात आलं की आपल्याला बरं वाटतंय, आणि इतकी लाज वाटली की गाडी बाजूला लावून उभा राहिलो.

तुमचा,
रणधीर